विचारलं की 'बरं आहे' म्हणायचं

वहिनी तलासरीकडच्या उधवा गावाहून लग्न होऊन डहाणूला आमच्या घरी आली, तेव्हा मी मॅट्रिकला होते. ती माझ्याहून वर्षभरानंच मोठी. बाजाराला आम्ही दोघी जायचो आणि परतायला हमखास उशीर व्हायचा. वाटेत कुणी "कसं काय, बरं ना?" म्हटलं, की वहिनी थांबून खरोखरच सांगू लागायची.

किराणा दुकानदार गुजराती होता. डाळ तोलता तोलता तो "केम छो, बेन?" म्हणाला, तर वहिनीनं त्याला आपली ठणकणारी दाढ सांगितली, माहेरची गाय व्यायल्याचं सांगितलं, वासरू अशक्त आहे तेही सांगितलं. तो तराजू तसाच धरून ऐकत राहिला. मागची गिऱ्हाइकं हसत होती. मलाही हसू आवरेना.

आईला मात्र ते लागलं. गल्लीतल्या बायका वहिनीची नक्कल करू लागल्या होत्या. एका दुपारी तांदूळ निवडताना तिनं वहिनीला समजावलं, अगदी मायेनं.

"अगं, रस्त्यात माणसं विचारतात ती रीत म्हणून. आपण 'बरं आहे' म्हणायचं आणि चालू लागायचं."

"मग विचारतात तरी कशाला?"

"बोलायचं म्हणून."

"आमच्याकडे विचारणारा ओट्यावर येऊन बसतो, आई."

"तुमचं उधवा निराळं, बाई."

वहिनी लवकर शिकली. दुकानात "मजामां", गल्लीत "बरं आहे". पुढं पुढं तर पाऊलही थांबेना. दुकानदारानं एकदा मला हळूच विचारलं, "भाभी नाराज छे काय?" मी नाही म्हटलं. आई खूश होती; सून मुरली म्हणायची.

दुसऱ्या वर्षी वहिनीला दिवस गेले. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई आमच्याच गल्लीत राहायची. सकाळी कामावर जाताना ती फाटकाशी हटकायची, "काय गं, बरं ना?" वहिनी भांडी घासता घासता वर बघून म्हणायची, "बरं आहे."

आठव्या महिन्यात एका पहाटे तिच्या पोटात दुखू लागलं. दादा धावत जाऊन नर्सबाईंना घेऊन आला. दिवस उजाडल्यावर मुलगा झाला, पण तो रडला नाही.

नर्सबाईंनी हात धुतले आणि वहिनीजवळ बसून विचारलं, "पोटातलं हलणं कधी थांबलं होतं?"

"परवा."

"अगं, मग मी कालही विचारलं ना तुला!"

"रस्त्यातून विचारलंत ना, बाई," वहिनी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. असं काय विचारताय, असाच चेहरा होता तिचा.

आई उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही.

आधी कळलं असतं तरी काही करता आलं असतंच असं नाही, हे नर्सबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आईला ते कधीच पटलं नाही. वहिनीला पुन्हा दिवस गेले तेव्हा आई स्वतः एसटीनं तलासरीपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं तिला माहेरी सोडून आली. तिथं मुलगी झाली, धडधाकट. वहिनी तिला घेऊन परतली, संसार रांगेला लागला. आई मात्र तिचा हात धरधरून विचारायची, "खरं सांग हं, बरी आहेस ना?" वहिनी हसून म्हणायची, "बरी आहे, आई." त्यापुढं एक शब्द नाही. दाढेचं नाही, वासराचं नाही.

शेवटच्या आजारात आईचं सगळं वहिनीनंच केलं. मी सासरहून भेटायला आले होते. वहिनी पेज भरवत होती, तेव्हा आईनं विचारलं, "माझा राग येतो का गं तुला?"

"नाही हो, आई," वहिनी म्हणाली. पदरानं तिचे ओठ पुसले आणि वाटी घेऊन आत गेली.

आई माझ्याकडे वळली. "हे मनापासून बोलली, की मी शिकवलं तसं बोलली?"

आतून वहिनीनं हाक मारली, "वन्सं, चहा टाकू ना?" मी उठून आत गेले.