गव्हावर टाकलेलं दळण

"मॅडम, अल्लाकसम, म्या रोटी नाही खाल्ली," नाझनीन म्हणाली आणि रडायला लागली.

मी तेव्हा यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात डाएटिशियन होते. समोर मारेगावची ही नऊ वर्षांची पोर, बाजूला तिचे वडील सलीमभाई, टेबलावर तिचा ताजा रिपोर्ट. तिला सिलिअ‍ॅक होता. म्हणजे कणकेला ज्यामुळे चिकटपणा येतो ते ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा, शेवया जन्मभर बंद, एवढाच इलाज. ते बंद झालं की रक्तातला टीटीजी नावाचा आकडा हळूहळू उतरतो. हिचा आठ महिन्यांत जागचा हलला नव्हता. पोट फुगलेलं, वजन तेवढंच.

"चोरून खाते, दुसरं काय?" आमचे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

मलाही तेच सोपं वाटलं. "खोटं बोलू नको गं," मी तिच्यावर खेकसले.

सलीमभाई विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्या वर्षांत कापसाचा भाव बसला, तसं त्यांचं कामही बसलं. रेशनवर गहू मिळायचा. ज्वारी शोधत फिरावी लागायची, कारण जो तो कापूसच पेरायचा. तरी या माणसाने गहू घरात येऊ दिला नाही.

"आमी सारेच भाकर खाऊन राह्यलो, मॅडम. ईदले शीरखुर्मा बी नाही केला. आता शाळाच बंद करतो हिची. तिथंच कोणाच्या डब्यातलं खात असंन."

"शाळा काहून, अब्बा?" पोर कळवळली. त्यांनी ऐकलं नाही. मीही मधे पडले नाही.

पण आठवडाभर डोकं भणभणत राहिलं. चोरून खाणारी पोरं मी पाहिली आहेत. ती आधी भांडतात, मग रडतात. ही आधीच रडली होती. मग खरं कोण, पोर की रिपोर्ट? काही म्हणता काही कळेना. रविवारी एसटी पकडून मारेगाव गाठलं.

नाझनीनच्या आईने, रेहानाभाभींनी, सगळे डबे माझ्यापुढे मांडले. मसाले पाहिले. हिंगात कणीक मिसळतात म्हणून हिंग विचारला, तो घरात नव्हताच. तवा, परात, सगळं बघून झालं. नाझनीन कोपऱ्यात बसून होती. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. मी पुरती चक्रावले.

"चाला, गिरणीवर जाऊन येऊ. दळण टाकायचं हाये," भाभी म्हणाल्या. मी उगाच सोबत निघाले.

गिरणीवर डब्यांची रांग होती. गिरणीवाले नामदेवभाऊ लांबूनच ओरडले, "भाभी, थांबा! हे गव्हाचं होऊ द्या, मंग टाकतो पोरीचं."

"गव्हाचंच काहून?" मी विचारलं.

"अवं मॅडम, बिमार पोरीचं पीठ! मिरचीवर टाकू का बेसनावर? आठ महिन्यांपासून गव्हावरच काढून देतो. कसं पांढरं येते, पाहा!"

मी कपाळावर हात मारला. दळण झालं तरी जात्यात थोडं पीठ उरतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून आमच्याकडे कशावर काय टाकायचं याचा एवढा विचार. ज्वारीत थोडा गहू आला तर कोणाची तक्रार नसते. आणि नाझनीनची ज्वारी खास मर्जीने, दर खेपेला, गव्हावर!

मी समजावून सांगितलं. नामदेवभाऊ मटकन पोत्यावर बसले. "म्या तं तिच्या भल्यासाठीच केलं ना हो!"

रेहानाभाभींनी कोणाकडून तरी जुनं हातजातं आणलं, घासूनपुसून घेतलं आणि घरीच दळायला लागल्या. पुढच्या तपासणीत आकडा पहिल्यांदा उतरला. वजनकाटाही हलला.

"सलीमभाई, उद्यापासून शाळेत पाठवा हिला," मी म्हटलं.

ते मान हलवून उठले. नाझनीन उठली नाही.

"मॅडम, तुमी मले खोटी म्हटलं होतं."

"हो. चुकलं माझं, बेटा."

"मले नका सांगू. अब्बाले सांगा."

सांगितलं. खुर्चीतून उठून सांगितलं. सलीमभाई माझ्याकडे न बघता पोरीकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून पेशंट काय खातो हे मी नंतर विचारते. आधी विचारते, दळण कशावर टाकता?