दुसऱ्याच्या नावाचं तिकीट

मी दुकानदार माणूस. सौदीत रास अल खैरला, कामगारांच्या कॅम्पच्या फाटकासमोर माझं किराणा दुकान आहे. माझं म्हणजे काय, पाटीवर नाव कफीलचं, म्हणजे ज्या अरबाच्या जामिनावर मी इथं आहे त्याचं, परवाना कफीलचा, आणि सकाळी शटर वर करताना धरते ती कंबर तेवढी माझी. पिकअप एका केरळ्याच्या नावावर, इंटरनेट एका नेपाळ्याच्या नावावर, आणि मी राहतो ती खोली कोणाच्या नावावर आहे हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलंय. इतकी वर्षं या देशात काढली त्यात एक गोष्ट अंगात मुरली. नाव कोणाचंही असू दे, काम झाल्याशी मतलब. हे मी नव्या आलेल्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आता आठवलं की कान तापतात.

गिऱ्हाईक सगळं कॅम्पातलं. वेल्डर, फिटर, पाइपवाले, त्यातले पुष्कळ आमच्याच तालुक्यातले. त्यांच्यासाठी मी कोकम ठेवतो, कुळथाची पिठी ठेवतो, गणपतीच्या दिवसांत तांदळाची पिठी मागवतो. मला सगळे शेट म्हणतात. नंतर नंतर स्टेशनमास्तर म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्याचं असं झालं. दुकानाच्या मागे, मोकळ्या वाळूत, लांबवर रेल्वेचा रूळ आहे. खाणीतला माल घेऊन मालगाडी येते. एवढी लांब, की तिचं शेपूट दिसेपर्यंत हातातला चहा गार होतो. एकदा ती बघता बघता माझं डोकंच फिरलं. म्हटलं, च्यामारी, इथं दगडाला रेल्वे आहे आणि आमच्या माणसांना नाही! आमच्या गावाला स्टेशन आहे, फलाट आहे, फलाटावर बाकडीसुद्धा आहेत. पण मुंबईची गाडी शिट्टी मारत निघून जायची. आजारी माणसाला दोन डोंगर उतरून पुढच्या स्टेशनावर न्यायचं, नाहीतर एसटीत बसवून हाडं खिळखिळी करून घ्यायची.

मग मी मागेच लागलो. गल्ल्यावर बसून फोन. सरपंचाला फोन, आमदाराच्या माणसाला फोन, रेल्वेच्या हापिसात कोण ओळखीचं निघतंय का म्हणून साडूच्या मेव्हण्याला फोन. गिऱ्हाईक साबण मागतंय आणि मी त्याला थांब्याचं महत्त्व सांगतोय. बायको गावाहून म्हणायची, "गाडी थांबवताय, पण न्हाणीघराचा नळ गळतोय तो कोण थांबवणार?" मी फोन ठेवून द्यायचो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असते एकेकाला, तशी मला होती.

आणि थांबा मिळाला! पण कायमचा नाही, चाचणीपुरता. काही महिने गाडी थांबवून बघणार, तिकिटं खपली तर थांबा पक्का, नाहीतर पुन्हा शिट्टी.

आता तिकिटं काढणार कोण? गावात उरलेत कोण? निम्मे इथं, निम्मे मुंबईत. पहिल्या दिवशी गाडी थांबली तेव्हा सरपंचांनी इंजिनाला हार घातला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि चढलं एक माणूस. तेही चुकून चढलं, पुढच्या स्टेशनावर उतरून रिक्षेनं परत आलं.

तेव्हा माझ्यातला दुकानदार जागा झाला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. मसाल्याच्या कंपनीचा माणूस येतो, ज्याचा माल हलतो त्याला दुकानात पुढं ठेवायला मोठी मांडणी देतो. मग महिना सरत आला की आपणच आपली दोन खोकी विकत घ्यायची आणि मागे ठेवायची. माल हलतोय असं दिसलं पाहिजे. मी तेच सगळ्यांना सांगितलं. "घरी फोन करा. प्रत्येक घरानं आळीपाळीनं मुंबईचं झोपायच्या डब्यातलं तिकीट काढायचं. जायचं नाही कुठं. फक्त काढायचं."

"आणि रिकामी गाडी जाणार, शेट?" एकानं विचारलं.

"गाढवा, तुझ्या बायकोनं काय जन्मभर एसटीतच हाडं मोडून घ्यायची? आज रिकामी गेली तर उद्या भरून जाईल. यल्ला, फोन लाव!"

लावले हो त्यांनी. उन्हात भाजलेली माणसं, ओव्हरटाइमवर जगणारी, पण माझ्या शब्दाखातर न करायच्या प्रवासाची तिकिटं काढत राहिली. सगळ्यात नेमानं काढायचा तो आमच्याच वाडीतला एक वेल्डर. त्याचा बाप माझा लांबचा चुलतभाऊ, तो गेला तेव्हा हा पाळण्यात होता. आईनं एकटीनं वाढवला, त्याला आणि त्याच्या बहिणीला. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावोजी.

एका शुक्रवारी दुपारी गावाहून निरोप आला. आपल्या स्टेशनाच्या वाट्याच्या जागा पुढच्या आठवड्याच्या सगळ्या भरल्या, वेटिंग लागलं. मी काउंटरवरच नाचायचा राहिलो. बुरैद्याहून विकायला आणलेल्या खजुराची पेटी फोडली आणि दुकानात येईल त्याच्या हातावर खजूर ठेवायला लागलो. हिंदी बोलणाऱ्यांना, बंगाल्यांना, कोणालाही. "हमारा स्टेशन फुल हो गया!" त्यांना काय कळणार, पण खात होते बिचारे.

तेवढ्यात तो वेल्डर आत आला. मी त्याच्याही हातावर खजूर ठेवला. त्यानं तो तसाच मुठीत धरला.

"काका, आईच्या पोटात गाठ निघालीय. मुंबईच्या डॉक्टरनं बुधवारी ऑपरेशन ठेवलंय. बसनं न्यायचं नाही म्हणतात, आडवं पडून न्या. मंगळवारचं तिकीट बघितलं." त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "फुल आहे."

दुकानात हसणं चाललंच होतं. कोणीतरी ओरडलं, "शेट, अजून एक खजूर!" माझ्या डोळ्यांसमोर ते रिकामे बर्थ आले, एकाखाली एक. सगळे आमचे. सगळ्यांवर आमच्या बायकांची आणि भावांची नावं आणि झोपलेलं कोणीच नाही. ज्या माणसासाठी गाडी थांबवायची म्हणून मी एवढा आटापिटा केला, ते माणूस समोर आलं आणि मी त्याच्या हातावर खजूर ठेवत होतो.

तिकिटं रद्द करायला सांगायची, हे सरळ होतं. पण रद्द केली की सुटलेली जागा वेटिंगमधल्या पहिल्याला मिळते, आणि वहिनीच्या आधी दुसऱ्या गावचे लोक रांगेत होते. हे मी त्याला सांगितलं आणि ते खरंही होतं. जे सांगितलं नाही ते हे, की चाचणी संपत आली होती आणि ऐन वेळी रद्द झालेली तिकिटं मला नको होती. विक्री खाली आलेली दिसली असती. त्याच्या आईच्या पोटातली गाठ ऐकून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि मी विक्रीचा विचार करत होतो. थू!

म्हणून मी अक्कल चालवली. "मंगळवारचं तिकीट तुझ्या काकूच्या नावावर आहे. ती काही जात नाही. तुझी आई त्याच्यावर जाईल. दुसरं शेजारणीचं आहे, त्याच्यावर बहीण जाईल. दोघींची ओळखपत्रं फोनवर पाठवतो. तुझी आई नि काकू एकाच वयाच्या, शेजारीण तुझ्या बहिणीएवढी, कोण बघतंय?"

"पण काका, नाव..."

"अरे नावाचं काय घेऊन बसलास! हे दुकान कोणाच्या नावावर आहे? चाललंय ना?"

त्यानं मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. खजूर खिशात टाकून गेला.

मंगळवारी तो साइटवरून सुट्टी मागून माझ्याच दुकानात येऊन बसला. गाडी आमच्या स्टेशनावर थांबली, वहिनीला चौघांनी धरून चढवलं, खालच्या बर्थवर झोपवलं. बहिणीनं फोटो पाठवला. निळ्या बर्थवर शाल पांघरलेली वहिनी. मी तो फोटो येईल त्याला दाखवला. "हे बघ, यासाठी थांबा!"

तासाभरानं बहिणीचा फोन आला. ती रडत होती. त्यानं फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणून मलाही सगळं ऐकावं लागलं.

टीसी आला होता. बहीण पटकन शेजारणीचं नाव सांगून मोकळी झाली. वहिनीसाठी तिनं फोनवरचं माझ्या बायकोचं ओळखपत्र दाखवलं. टीसीनं फोटो बघितला, वहिनीकडे बघितलं, आणि बहुतेक सोडूनही दिलं असतं. माणूस भला असावा. जाता जाता सहज म्हणाला, "आजी, नाव काय तुमचं?"

वहिनीनं नाव सांगितलं. स्वतःचं. मधे नवऱ्याचं नाव लावून, अगदी शेवटपर्यंत. आणि वर म्हणाली, "ही फोटोतली माझी जाऊबाई. ती घरी आहे."

डबा हसला म्हणे. वहिनीला कळेना काय झालं. मग टीसीनं ते तिकीट कोणाचं, तुम्ही कोण, असं सगळ्यांसमोर विचारलं. बहिणीचंही बिंग फुटलं, दोघींना दंड लावला. दोन्ही बर्थ वेटिंगवरच्या माणसांना गेले, आणि ते त्यांच्या हक्काचेच होते, त्यांना तरी काय बोलणार. पोटावर हात धरून वहिनी उठली. बहिणीनं दाराजवळ चादर घडी करून अंथरली. पुढं मुंबईपर्यंत वहिनी तिथंच बसून गेली, येणाराजाणारा तिला ओलांडून जात होता. उभ्या जन्मात कोणाच्या झाडाचा पडलेला आंबा न उचललेली बाई. माझ्यामुळं फुकटी ठरली.

वेल्डरनं फोन बंद केला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन उचलून गेला, आणि जाताना सवयीनं शटरपाशी पडलेलं खोकं बाजूला सरकवून गेला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. देव असतो कुठेतरी.

आणि थांबा पक्का झाला. कॅम्पच्या मेसमध्ये माझा सत्कार ठेवला. नको नको म्हटलं, पण त्यांना वाटलं शेट लाजतोय. शाल आणि नारळ. नारळ माझ्याच दुकानातला, सकाळी मीच निवडून दिलेला. शाल कोण घालणार म्हणून सगळ्यांनी त्या वेल्डरला पुढं केलं, आमच्या वाडीचा म्हणून. त्यानं ती माझ्या खांद्यावर घातली, नीट केली, आणि वाकून पाया पडला. टाळ्या चालल्या होत्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज अजून बारीक होता. मी काय बोलायचं ते जुळवत होतो, माफीचे शब्द, जे मी तिच्या पोराला तोंडावर म्हणू शकलो नव्हतो. तिनं मला तोंडच उघडू दिलं नाही.

"भावोजी, चुकलं माझं. पोरीनं चांगलं दहा वेळा पढवलं होतं. पण त्यानं विचारलं आणि तोंडात आपलंच नाव आलं. इतकी वर्षं तेच सांगत आले हो."

"वहिनी, अहो तुम्ही कशाला..."

"माझ्यामुळं गाडी बंद नाही ना झाली?"

"नाही," मी म्हटलं. "थांबा पक्का झाला. आता रोज थांबणार. तुम्ही गावी परत कधी येताय? या वेळी तुमच्या नावाचं तिकीट काढतो, खालचा बर्थ."

"मी कालच आले," वहिनी म्हणाली. "एसटीनं. पोटाशी उशी धरून बसले होते. म्हटलं, माझ्यामुळं परत गाडीत काही लफडं नको, तुमचं नाव खराब व्हायचं."