मूळ पाहिलंस का?

कागद पुढे ठेवला की मॅडम तो उचलायच्या नाहीत. एका बोटाने परत आमच्याकडे सरकवायच्या आणि विचारायच्या, "मूळ पाहिलंस का?" बस म्हणणं नाही, कशी आहेस म्हणणं नाही. जळगावला मी समाजशास्त्रात पीएच.डी. करत होते तेव्हा त्या माझ्या मार्गदर्शक होत्या, आणि मला त्या अजिबात आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी गुरुभक्तीची अपेक्षा ठेवणार नाही.

माझा विषय होता धरणगाव भागातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, काम करणाऱ्या बायका. मी हौसेने पहिलं प्रकरण नेलं. मॅडमनी एका तळटीपेवर बोट ठेवलं.

"हे नियतकालिक कोण काढतं?"

"ऑनलाइन आहे, मॅडम."

"कुठे आहे ते नाही विचारलं. कोण काढतं? छापायच्या आधी कुणी वाचतं, की येईल ते छापतात?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली. मग पुढच्या पानावर. माझ्याबरोबरच्या एका मुलीने त्यांच्या जाचाला कंटाळून मार्गदर्शक बदलला, आणि आम्ही सगळ्यांनी तिचा हेवा केला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती बरोबर असतात, आणि नेमका त्याचाच राग येतो.

एका चर्चासत्रात मी एका ग्रंथाचा दाखला दिला. तो मी दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलला होता. मॅडम मूळच्या शिंदखेड्याच्या. एरवी अगदी छापील मराठी बोलायच्या, पण चिडल्या की अहिराणी बाहेर पडायची. भरल्या सभागृहात त्या ओरडल्या, "तू सोता देखं का, का कोनी सांगं?" लोक हसले. हिला एकदा तरी गप्प करायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं.

संधी त्यांनीच दिली. जिनिंगवरच्या जवळजवळ प्रत्येक लिखाणात एक वाक्य असायचं: या बायकांना कायम नोकरी नकोच असते, घर सांभाळून जमेल तेवढंच काम त्या मागतात. मालकांना हे वाक्य फार सोयीचं होतं. बायकांना कायम करायचा विषय निघाला की तेच पुढे केलं जायचं. मीही ते लिहिलं. मॅडमनी पान सरकवलं. "मूळ शोध."

ज्या जुन्या प्रबंधातून मी ते घेतलं होतं त्यात एका पुस्तकाचा संदर्भ, त्या पुस्तकात दुसऱ्याचा, दुसऱ्यात एका जुन्या परिसंवादाच्या लेखसंग्रहाचा. तो संग्रह धुळ्याला एका ग्रंथालयात सापडला. लेख उघडला. वाक्य होतं. खाली एकही टीप नव्हती. किती बायकांशी बोललं, कुठे बोललं, काही नाही. आणि लेखिकेचं नाव मॅडमचं होतं.

धुळे ते जळगाव सगळ्या रस्त्यात मी एकच वाक्य घोळवत आले. झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही मूळ पाहिलं होतं का?"

त्यांनी कागद उचलला. वाचला. चष्मा काढला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मालकाच्या ऑफिसात बसले होते. चहा आला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. आत बायका होत्या, मशीनचा आवाज येत होता. मी आत गेले नाही."

मला वाटलं होतं तशी मजा आली नाही. पण त्यांनी मला हळवं होऊ दिलं नाही.

"खूश दिसतेस. त्या खुशीत काम अर्धवट सोडशील. माझ्या विरुद्ध कुणी काही लिहिलंय का ते बघ. मग बायकांकडे जा. त्या सांगतील तेही तसंच्या तसं घेऊ नकोस. मुकादम शेजारी उभा असला की बाई वेगळं बोलते."

"आणि प्रबंधात तुमचं नाव..."

"नाव गाळलंस तर सही करणार नाही."

मुकादम नसताना बायकांनी वेगळंच सांगितलं, कायम नोकरी त्यांना हवी होती, आणि मी ते मॅडमच्या नावासकट लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मॅडमच्या ओळखीचे निघाले. ते मला म्हणाले, "मार्गदर्शकांबद्दलचा हा उल्लेख टाळता आला असता." मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "सर, माझं वाक्य चूक आहे की नाही, तेवढं विचारा तिला."

विभागात मी कृतघ्न ठरले. मी पेढे नेले तर मॅडम "मला चालत नाहीत" म्हणून पुन्हा उत्तरपत्रिका तपासायला लागल्या. त्यांना मधुमेह होता हे पुढे कळलं. पण अभिनंदनाला कुठलं पथ्य आड येतं?

निवृत्तीनंतर त्या शिंदखेड्याला गेल्या. फोन त्यांनी केला नाही, मीही नाही. त्या गेल्याचं मला विभागाच्या ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी हात जोडले होते.

त्यानंतर एकदा धरणगावला गेले. मी मुलाखती घेतल्या होत्या त्यांतल्या एक अक्का अजून त्याच जिनिंगमध्ये होत्या. त्याच म्हणाल्या, "ती तुनी मॅडम उनी व्हती ना. एकलीच."

"इथे? काय म्हणाल्या?"

"भांडनी आमनासंगे! एकीनी सांगं का दुसरीले इचारे. मुकादमले त हाकलीच दिधं." अक्का हसल्या. "भांडखोर बाई. पन बठ्ठं आयकी गयी."

सगळं ऐकून गेल्या होत्या, म्हणून मी शोधलं. निवृत्तीनंतरच्या त्या भेटीवर त्यांचं काही छापून आलेलं नाही. वेळ मिळाला नसेल. मला त्या आजही आवडत नाहीत.

अक्कांनी सांगितलं, कामाची सुट्टी झाल्यावर मॅडम बायकांबरोबरच फाटकाबाहेर पडल्या. केसांत, भुवयांवर, पदरावर कापूस. एकीने तो झटकायला हात पुढे केला तर तिच्यावर खेकसल्या, आणि तशाच पांढऱ्याफटक एस.टी.त चढल्या.