तीन वाजताची सही

रोह्याच्या एका कारखान्यात मी बॉयलर सांभाळायचो. पहिली पाळी तीनला सुटायची. पण सुटायची म्हणजे काय कपाळ! बदलीचा माणूस आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही, असा नियम. माझा बदलीवाला रोज पावणेचारला यायचा, पान चघळत. पेणकडची कंपनीची बस सव्वातीनला निघायची. तिचा हॉर्न ऐकला की माझं डोकं फिरायचं.

तक्रार कुठे करणार? तो युनियनचा पुढारी, मला नोकरीला चिकटवणाराही तोच. बाकीचे म्हणत, "सांभाळून घे रे, आपलाच माणूस हाय." सांभाळून घेता घेता रीतच पडली. तीन वाजले की मी रजिस्टरात 'चार्ज दिला, पाणी अर्धा ग्लास' लिहायचो. ग्लास म्हणजे बॉयलरवरची काचेची नळी, आतलं पाणी तिच्यात दिसतं. तो आला की खाली 'चार्ज घेतला' लिहायचा, वेळ तीनचीच. कागदावर आम्ही दोघं वेळेचे पक्के.

एके दिवशी पेणजवळ गडबला घरी बायको तापानं फणफणलेली. मी तीनला सही केली आणि बस पकडायला निघालो. कोळसा टाकायला ठेक्यावरचा एक जण होता, धरमतरकडचा, पन्नाशीचा. त्याला म्हटलं, "तो येतोच हाय, जरा लक्ष ठेव."

"मना पंपातलं काय कलतंय, दादा?" तो म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नेमका त्याच दिवशी बॉयलरला पाणी पुरवणारा पंप बंद पडला. बॉयलरमधलं पाणी उतरलं, पाणी कमी झालं की वितळणारा भट्टीवरचा प्लग वितळला, त्यातून सुटलेल्या वाफेनं विस्तव विझला आणि अख्खा प्लँट बसला. कुणाला इजा झाली नाही हे नशीब.

चौकशीत साहेबांनी रजिस्टर उघडलं, त्यात दोघांच्याही सह्या तीनच्याच. बदलीवाला उशिरा आला म्हणावं, तर मी आधीच पळालो हे उघड होत होतं. माझी नोकरी गेली असती. त्याचीही तीच गत. तो बेधडक म्हणाला, "मी पाण्याचा नमुना द्यायला लॅबमध्ये गेलेलो. तेवढ्यात या ठेक्याच्या माणसानं पंपाला हात लावला असणार."

ठेक्याचा माणूस दारात उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुमीच सांगितलात ना, लक्ष ठेव म्हनून?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असं काही बोललो नाही," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी ठेक्याच्या माणसाचा गेटपास काढून घेतला. जाताना त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात बदलीवाला सव्वाचारला आला. वर हसत म्हणाला, "काय रे, दमलास?" त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण आता कुठल्या तोंडानं बोलणार? नंतर तो पाचला यायला लागला, आणि मी रिटायर होईपर्यंत रोज त्याची वाट बघत बसलो.