मिस्त्रींचं नख

मिस्त्री नऊ बोटांची नखं अगदी मुळापासून कापत आणि उजव्या तर्जनीचं तेवढं वाढवत. नेरला कापूस बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. मोटारसायकलचं पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा, म्हणजे ते दोन शॉकअप, एवढंच काम ते घेत. कोणी इंजिनाची तक्रार घेऊन आलं की, "ते पोटाचं दुखनं आहे, आपन हाडवैद्य," म्हणून वाटेला लावत.

यवतमाळहून नेलेली माझी गाडी पाहून पहिल्या दिवशी ते हसले होते. पाय जमिनीला न टेकवता दगडधोंड्यांवरून गाडी नेण्याचा खेळ मी खेळायचो, आणि त्यासाठी सीटच काढून टाकली होती. "बसाले जागा नाही, तं इले गाडी कायले म्हनतं बे?" आमच्या नोकरदार घरातही साधारण हेच मत होतं.

चिमटा खोलताना मात्र ते बोलत नसत. वरचा नट, स्प्रिंग, मग काळं तेल, ते अडवणारं रबरी सील. जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने जुन्या धोतराच्या तुकड्यावर मांडत, डाव्याचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. एकदा मी मदत म्हणून दोन्हीकडचे वायसर एकत्र ठेवले. "दोन भावाइचे कपडे एका पेटीत ठेवले का भांडन लागते," म्हणाले, आणि मला उठवून बाकावर बसवलं.

शेवटी चिमट्याच्या पुसलेल्या पाइपावरून ते वरून खाली नख फिरवत. डोळ्याला न दिसणाऱ्या ओरखड्यावरही ते नख अडायचं. तो घासून काढल्याशिवाय नवं सील बसवायचं नाही, कारण ओरखडा सील फाडतो, तेल गळतं, आणि ते ब्रेकवर गेलं तर माणूस जातो. "डोये खोटं बोलतेत," ते म्हणत. "नख नाही बोलत."

मग शुगरने त्यांची बोटं बधिर झाली. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला दोन बोटांतही धरवत नव्हता असा गरम चहाचा स्टीलचा गिलास ते मुठीत घेऊन निवांत बसले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी माझ्या गाडीच्या पाइपावरून त्यांनी तीनदा नख फिरवलं आणि मान वर न करता म्हणाले, "तू पाह्य बरं. काई लागते काय?"

मध्यावर लागलं. बारीक, पण लागलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "काही नाही, मिस्त्री. साफ आहे."

"मले बी तसंच वाटलं," म्हणत त्यांनी सील बसवलं. मला वाटलं, आपण फार चांगलं काम केलं.

आठ दिवसांत तेल गळू लागलं. गाडी परत नेली. त्यांनी पाइप काढला, उन्हात धरला, आणि माझं बोट धरून त्यावर ठेवलं.

"लागते?"

"लागते."

"तवा नव्हतं लागलं?"

मी बोट काढून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पॉलिश पेपर माझ्या हातात दिला, ओरखडा माझ्याकडूनच घासून घेतला, नवं सील बसवलं. मग म्हणाले, "आता येत नको जाऊ. माह्या बोटाचा भरोसा गेला, तुह्या जिभेचाई गेला. दोघं मिळून एखाद्याचा जीव घेऊ."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. मी त्यांना भेटायला गेलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

यंदा ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. हातातली फाइल पुरी केली, डबा खाल्ला. रडू यायला हवं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही.

तेरवीला नेरला गेलो. त्यांच्या बायकोने नाव विचारलं. ते ऐकून पदर सावरत त्या जवळ आल्या.

"तुमीच काय ते यवतमाळवाले? लय नाव घेत तुमचं. म्हनत, सारे मले बरं बरं म्हनून राह्यले होते. त्या एकट्यानं तोंडावर सांगतलं का मिस्त्री, तुमचा हात गेला. म्हनून दुकान बंद केलं, नाही तं कोनाचा तरी जीव गेला असता."

अंगणात पानं मांडली जात होती. मी "हो" म्हणालो आणि पंगतीत जाऊन बसलो.