दुसरं टोक

पेठला हायवेलगत आमच्या एका शेजाऱ्याने ‘पारंपरिक लोणी’ची पाटी लावली आहे. ‘संस्कृती’ हा शब्द आल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. परवा पुण्याची एक बाई म्हणाली, “आधी घुसळून दाखवा, मग घेते.” त्याने धोतर खोचलं आणि रवीच्या दोरीची दोन्ही टोकं एकदम ओढली. रवी जागची हलेना.

“जुनी रवी हाय, ताई. दमानं फिरती.”

उंबऱ्यातून त्याची आई म्हणाली, “आरं, यक टोक वढताना दुसरं सोडायचं आसतं. तुला सोडाय कदी जमलंय?”

शेवटी लोणी आईनेच काढलं. बाईने ते घेतलं.

आता पाटीवर आईचा फोटो आहे. दोरीची दोन्ही टोकं तिच्या हातात, आणि खाली मोबाइल नंबर त्याचा.