मास्तरांचं मराठी ‘यस’

हुपरीकर मास्तरांनी उभी हयात कोल्हापुरात इंग्रजी शिकवण्यात घालवली; पण ज्याच्याशी इंग्रजीशिवाय बोलायची सोयच नाही, असा माणूस त्यांना कधी भेटला नाही. वर्गातली पोरं मराठीत ओरडायची. तपासणीला येणारे साहेब इंग्रजीत सुरुवात करायचे आणि चहा येईपर्यंत मराठीवर उतरायचे. एकाहत्तर साली निवृत्तीचा नारळ हातात पडला, तेव्हा मास्तरांच्या मनात एकच कुसळ सलत होतं. आपलं इंग्रजी खरं चालतं का, की नुसतं भिंतीवर टांगलेल्या तलवारीसारखं?

अशात पेपरात जाहिरात आली. झांबियातल्या शाळांना इंग्रजीचे शिक्षक हवे होते. वय शक्यतो पन्नासच्या आत.

‘‘तुम्ही अठ्ठावन्न,’’ सरोजिनीबाईंनी फोडणीवरची नजर न काढता नवऱ्याला आठवण करून दिली.

‘‘अगं, ‘शक्यतो’ म्हटलंय. शक्यतो म्हणजे फट. फटीतनं मांजर जातं, मास्तर का जाणार नाही?’’

शाळेत कवायत शिकवणारे उचगावचे हंबीरराव हे मास्तरांचे जुने दोस्त. त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, ‘‘मास्तर, तिकडं सिंव्ह हाईत म्हणं. त्यास्नी मुरल्यालं मटण आवडतंय. घेत्यात की तुमास्नी!’’

‘‘हंबीरराव, आठवी ‘ब’ सांभाळलीय मी. सिंहाचं काय घेऊन बसलात?’’

आठवी ‘ब’ ही मास्तरांची आयुष्यभराची लढाई. ‘‘यू हॅवन्ट डन युवर होमवर्क?’’ विचारलं की पोरगं छाती काढून म्हणायचं, ‘‘यस सर!’’ म्हणजे, हो सर, नाही केला. मग मास्तर घसा कोरडा करायचे, ‘‘अरे गाढवा, तिथं ‘नो’ म्हणायचं!’’ पोरगं म्हणायचं, ‘‘यस सर!’’

अर्ज गेला. तालीम म्हणून मास्तर रोज पहाटे रंकाळ्यावर मोठ्यांदा इंग्रजी बोलत फिरू लागले. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी शांतपणे ऐकायच्या. मास्तरांच्या मते त्या आठवी ‘ब’पेक्षा लक्ष देत होत्या.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मास्तर काळा कोट घालून एस.टी.नं मुंबईला गेले. समोर झांबियाचे मिस्टर फिरी बसले होते. धिप्पाड, हसरे, आणि मराठीचा ‘म’ माहीत नसलेले! मास्तरांना गहिवरूनच आलं. मग जे इंग्रजी सुटलं ते धरणाचे दरवाजे उघडावेत तसं. व्याकरण झालं, रंकाळा झाला, म्हशी झाल्या. फिरीसाहेब पोट धरून हसले. खरं चालत होतं की इंग्रजी!

मग साहेबांची नजर अर्जावरच्या वयाकडे गेली. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘यू आर नॉट टू ओल्ड फॉर धिस?’’ या कामाला तुम्ही फार म्हातारे नाही ना?

मास्तर छाती काढून म्हणाले, ‘‘यस!’’

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. तो ‘टक्’ आवाज ऐकला आणि मास्तरांना घाम फुटला. त्यांच्या तोंडून आठवी ‘ब’ बोलून गेली होती!

दुसरा कोणी असता तर नमस्कार करून उठला असता. मास्तर खुर्चीत आणखी घट्ट बसले. ‘‘साहेब, टोपण काढा,’’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘‘हे ‘यस’ मराठी आहे. आमच्याकडे उत्तर विचारणाऱ्या माणसाला देतात. तुमचं बरोबर आहे, मी म्हातारा नाही, म्हणून हो. इंग्रजीत उत्तर विचारलेल्या गोष्टीला देतात. म्हातारपण नाही, म्हणून ‘नो’. पोरं चुकत नाहीत साहेब, ती आपल्या भाषेत बरोबर असतात. एवढं कळलं की शिकवता येतं.’’

फिरीसाहेब खुर्चीत पुढे सरकले. मग टेबलावर थाप मारून म्हणाले, ‘‘आमच्या भाषेतही अगदी असंच! आमचे गोरे मास्तर आम्हाला खोटारडे समजायचे. हे कोणी सांगितलंच नाही.’’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘‘आता सरळ विचारतो. आर यू टू ओल्ड?’’

‘‘नो, सर!’’

‘‘हे कुठलं ‘नो’?’’

‘‘अस्सल इंग्रजी!’’

नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा हंबीररावांनी गल्लीत पेढे वाटले. ‘‘आता सिंव्हाचं काय खरं न्हाय,’’ ते ज्याला त्याला सांगत सुटले, ‘‘मास्तर त्येलाबी व्याकरण शिकिवणार!’’

घरात सरोजिनीबाई कांदा-लसणाची चटणी डब्यात दाबून भरत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, ‘‘अहो, मला इथं सोडून जाणार नाही ना?’’

‘‘यस!’’ मास्तर म्हणाले.

‘‘इंग्रजी का मराठी?’’ मुलाखतीचा किस्सा दहादा ऐकलेल्या बाईंनी विचारलं.

‘‘मराठी, अगं! चल, फोटोवाल्याकडं जाऊ. पासपोर्टला दोघांचेही लागतात.’’

सरोजिनीबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. ‘‘मग आधी सांगायला काय झालं होतं? चटणी मी तुमच्या एकट्यापुरतीच कांडलीय.’’